येण्याचे कारण: खाजगी

मुक्कामाचा एक नियम अर्थशास्त्राच्या पुस्तकात छापलेला नाही, पण सायकलवर सामान बांधून डोंगराकडे निघालेल्या माणसाला तो पहिल्याच संध्याकाळी कळतो. खोलीचे भाडे जितके कमी, तितके प्रश्न जास्त. पंचतारांकित हॉटेलात कार्ड पुढे सरकवले की कोणी काही विचारत नाही. दोन हजारांच्या हॉटेलात आधार कार्डाची झेरॉक्स लागते. पाचशेच्या लॉजवर मॅनेजर "एकटेच?" म्हणतो आणि मागे कोणी लपले आहे का ते मान वाकडी करून पाहतो. आणि जिथे भाडे शून्य, तिथे गाव, आडनाव, नोकरी, पगार, लग्न आणि अजून का नाही, इथपर्यंत चौकशी झाल्याशिवाय अंथरूण पडत नाही.

नियम तपासून पाहायला भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले चिखला हे ठिकाण उत्तम. नागपूरहून शंभरेक किलोमीटर. रेल्वेने यायचे तर मुंबई-हावडा मार्गावर तुमसर रोडला उतरायचे, तिथून तिरोडीकडे फुटणाऱ्या मार्गावरची गाडी धरायची आणि गोबरवाहीला सायकल खाली घ्यायची. सातपुड्याच्या टेकड्या, जमिनीच्या पोटात मँगनीज, पलीकडे मध्य प्रदेशची हद्द. याच तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे, गायमुखचे महादेवस्थान आहे, चांदपूरचा तलाव आणि मारुती आहे, हद्दीवर बावनथडीचे धरण आहे. चढ, उतार, मुरूम, गिट्टी, सागाचा पाचोळा आणि जीपच्या चाकोऱ्या: माउंटन बाइक घेतलेल्या माणसाला लागतो तो सगळा त्रास इथे मुबलक आहे.

शिवाय जनगणनेच्या लेखी चिखला हे शहर आहे. किमान पाच हजार वस्ती, कामकरी पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे, या तीन कसोट्या पार केल्या की जनगणनावाले गावाला शहर म्हणतात. खाणीमुळे चिखल्याने त्या पार केल्या. मात्र या तीन कसोट्यांत लॉज ही कसोटी नाही, आणि नकाशावर 'शहर' वाचून निघालेल्या सायकलवाल्याला हे पानठेल्यावर समजते.

"लॉज? लॉज तुमसरले भेटन जी."

"इथे नाही?"

"इथं कायले पायजे? तुमी आले कोनाकडं?"

"कोणाकडेच नाही."

ठेल्यावरची मंडळी इथे गप्प होतात. कोणाकडेच न आलेला माणूस ही चीज त्यांच्या पाहण्यात नसते. इथे येणारा खाणीच्या कामाने येतो, सोयरिकीला येतो, तेराव्याला येतो, नाहीतर मते मागायला येतो. या चौघांचीही सोय आधीच ठरलेली असते. मग लॉज काढून त्यात झोपवायचे कोणाला?

"मंग आले कायच्यासाठी?"

"त्या डोंगरात सायकल चालवायला."

"तिकडचा रस्ता लय खराब हाय ना जी."

"म्हणूनच."

यानंतर चर्चेला वेगळे वळण लागते. हँडलला जीपीएस लावलेला, डोंगराकडे पाहून फोनवर बोट फिरवणारा, खराब रस्ता मुद्दाम शोधणारा माणूस सर्व्हेवाला असणार, यावर ठेल्याचे एकमत होते. त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने इंग्रजांनी मध्य प्रांतात मँगनीजचा धंदा उभारला. पुढे तीच मंडळी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली आणि १९६२ मध्ये तिच्या जागी मॉइल आली, जिचे मुख्यालय नागपुरात आहे. सव्वाशे वर्षांत या टेकड्यांकडे एकटक पाहणारा बाहेरचा माणूस बहुतेक वेळा काहीतरी खणून न्यायलाच आलेला आहे. केवळ घाम गाळायला आलेला हा पहिलाच. "आमची जमीन जाते का यात?" असा प्रश्न एखादा म्हातारा हळूच विचारतो, तेव्हा सायकलवाल्याला हेल्मेट काढून गंभीर व्हावे लागते.

खरे तर सायकलीचे आणि या भागाचे नाते लॉजवाल्यांना वाटते त्याहून जवळचे निघेल. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये सायकलीच्या सांगाड्यासाठी '५३१' नावाची नळी काढली, तिच्यावर सायकलशौकिनांच्या दोन-तीन पिढ्या जीव टाकत आल्या. ती मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची होती. मध्य प्रांताचे मँगनीज त्या काळात जहाजांतून परदेशी जात असेच. एखाद्या जुन्या विलायती सायकलीच्या हाडात चिखल्याचा दगड मुरलेला असेल, हे सिद्ध करता येणार नाही, पण नाकारणार तरी कोण? तिच्यावर बसून आलेल्याने "माहेरी आलो" म्हणून मुक्काम मागायला हरकत नसावी. आजच्या कार्बन फ्रेमवाल्याला ही सवलत नाही. त्याने बॅटरीचा आधार घ्यावा, कारण शेजारच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतले मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या कोरड्या सेलमध्ये वापरतात.

पानठेल्यावरून पुढची दिशा मिळते ती विश्रामगृहाची. "रेस्ट हाउस हाय ना, सायबाईचं."

सायबाईचं, हा शब्द महत्त्वाचा. इंग्रजांनी डाकबंगले आणि वनखात्याचे बंगले बांधले ते साधारण घोड्याच्या एका दिवसाच्या मजलेवर. मुरमाच्या जंगलवाटेवर माउंटन बाइक दिवसाकाठी घोड्याइतकीच मजल मारते, म्हणजे ही सगळी बांधणी अजाणता सायकलवाल्यांसाठीच झालेली आहे. थॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ उंच चाकाची सायकल घेऊन १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून जगाच्या फेरीला निघाला आणि १८८६ मध्ये हिंदुस्थानातल्या ग्रँड ट्रंक रोडने लाहोरकडून कलकत्त्याकडे गेला, तो डाकबंगल्यांत उतरतच. त्या बंगल्यांचा खानसामा पाहुणा अंगणात उतरला की अंगणातल्या कोंबडीकडे पाहत असे, आणि तासाभरात ती ताटात येई. त्या चिवट कोंबडीवर साहेबांनी रचलेले विनोद इंग्रजी शब्दकोशांपर्यंत पोचले. पण कोंबडी चिवट असली तरी खाट मिळत होती. स्टीव्हन्सला कोणी अर्ज मागितला नव्हता. अर्थात तो गोरा होता, ही पात्रता सध्याच्या नमुन्यात भरता येत नाही.

सध्याची रीत अशी. सार्वजनिक बांधकाम खात्याचे विश्रामगृह पहिल्यांदा सरकारी कामावरच्या अधिकाऱ्यांचे. ते रिकामे असेल तर खाजगी व्यक्तीचे, वेगळ्या दराने, वरच्या कार्यालयाच्या परवानगीने. आणि परवानगी मिळूनही रात्री साडेनऊला एखाद्या साहेबांचा दौरा उपटला, तर खाजगी व्यक्तीने खोली सोडून पुन्हा सार्वजनिक व्हायचे. वन विश्रामगृहासाठी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात आधी अर्ज. पाटबंधारे खात्याचे असेल तर त्यांच्या उपविभागात. मुक्कामाच्या चारशे रुपयांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेपा घालाव्या लागतात, पण माणूस सायकलवाला असल्याने त्याला खेपांचे वाईट वाटत नाही, उलट किलोमीटर वाढतात.

एवढे करून दार उघडले की नोंदवही समोर येते. नाव, हुद्दा, येण्याचे कारण. या तीन रकान्यांपैकी पहिला तेवढा भरता येतो. हुद्द्याच्या रकान्यात कोणी भाबडेपणाने 'सायकलस्वार' लिहिले तर खानसामा वही स्वतःकडे फिरवून घेतो.

"कोन्त्या खात्यात येते हे?"

"खात्यात नाही. छंद आहे."

"मंग खाजगी लिवा."

येण्याचे कारण: खाजगी. या एका शब्दात पाच गिअर, दोन पंक्चर, चार उतार आणि डोंगरावरून खाली येतानाचा तो वेडा आनंद, सगळे मावते. शिवाय खाजगी म्हटल्यावर खानसामा पुढचे विचारत नाही, फक्त रात्रभर लक्ष ठेवतो.

खाणीच्या कंपन्यांचीही आपली विश्रामगृहे असतात, पण ती कंपनीच्या पाहुण्यांची. तिथल्या फाटकावरचा सुरक्षारक्षक कोणाचा संदर्भ आहे ते विचारतो. दाराशी उभा असलेला सायकलवाला चाकापासून कानापर्यंत त्याच कंपनीच्या धुळीने काळा झालेला असतो. याहून जवळचा संदर्भ कोणता द्यायचा, हे त्याला सुचत नाही.

उरतो देव. महाराष्ट्रातला स्वस्त मुक्कामाचा व्यवहार सगळ्यात जास्त देवाने आणि संतांनी सांभाळलेला आहे. विदर्भाला तर याचा मान विशेष. अमरावतीकडच्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या. गरिबाला परगावी डोके टेकायला जागा लागते, ही गोष्ट त्यांना पर्यटन महामंडळ निघण्याच्या कितीतरी आधी कळली होती. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासाचे नाव काढले की स्वच्छतेबद्दल अजून लोक कान पकडतात. पण सायकलवाल्याचा घोळ असा की त्याला ज्या दिशेला जायचे असते तिथे देव असतो आणि भक्तनिवास असेलच असे नाही. शिवाय बऱ्याच धर्मशाळांच्या भिंतीवर एक पाटी असते: एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही. कुटुंब हवे. डोंगरात सायकल चालवण्यासाठी कुटुंब बरोबर आणण्याइतका समजूतदारपणा माणसात असता, तर तो मुळात डोंगरात कशाला आला असता?

गायमुखला महाशिवरात्रीची जत्रा भरते. तेव्हा मात्र कोणाला काही विचारायचे नसते. सगळे मोकळ्यावरच झोपतात, आणि त्या गर्दीत सायकलवाल्याला प्रथमच येण्याचे कारण मिळते. "दर्शनाले आले?" "हो." इतकी सोपी मुलाखत वर्षातून एकदाच होते.

तंबूचे काय, असे शहरातून निघालेला हमखास विचारतो. त्याच्या सामानात दीड किलोचा विलायती तंबू असतो आणि तो कुठेतरी ठोकायचाच, असा त्याचा निर्धार असतो. पण राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम टाकणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बसत नाही. त्यातून हा कान्हा, पेंच आणि नागझिरा या जंगलांच्या मधला मुलूख. वाघाला तालुक्याच्या हद्दी ठाऊक नसतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की पहाटे झाडाखाली अस्वलही येते. भाडे शून्य आणि प्रश्नही शून्य, असा या भागात एकच यजमान आहे आणि त्याच्या अंगावर पट्टे आहेत. वनरक्षकाच्या दृष्टीने मात्र हे सगळे नंतरचे. तो तंबूपाशी येऊन पहिल्यांदा विचारतो, "कोनाच्या परवानगीनं?"

आंबागडचा किल्ला तेवढा मोकळा दिसतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या राजाखान पठाण या सरदाराने तो १७०० च्या सुमारास बांधला, आणि नागपूरकर भोसल्यांनी पुढे त्याचा तुरुंग केला. परिसरातली ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध झालेली विनामूल्य मुक्कामाची सोय ती हीच, आणि तिथेही कारण विचारूनच आत घेत असावेत.

म्हणून अखेर बहुतेकांचा मोहरा तुमसरकडे वळतो. तुमसर ही तांदळाची पेठ. तिथे व्यापारी येतात, म्हणून लॉज आहे. लॉजवर सगळी बोलणी एका मुद्द्यावर अडतात: सायकल. सायकलवाला तीनशे रुपये कमी करा म्हणून अर्धा तास घासाघीस करतो, ती साठ-सत्तर हजारांच्या सायकलीच्या सीटवर हात ठेवून. मॅनेजर म्हणतो, खाली जिन्यापाशी लावा, कोणी नेत नाही. ज्याने सायकलीची किंमत घरच्यांनाही अर्धीच सांगितली आहे, तो ती जिन्यापाशी कशी लावेल? मग तडजोड निघते. सायकल खोलीत, पण चाके धुऊन. काही ठिकाणी तिचे वेगळे पन्नास रुपये. खोली अशी असते की सायकल आडवी केली तर माणूस उभा आणि माणूस आडवा झाला तर सायकल उभी. फरशीवर वर्तमानपत्र अंथरतात ते सायकलीखाली. चादर कशी आहे ते दिवा बंद केल्यावर दिसत नाही.

सरकारनेही या खोल्यांकडे अलीकडे लक्ष पुरवले. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून बारा टक्के लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्क्यांवर आला. वीस लाखांच्या आतल्या उलाढालीच्या लॉजमालकाला नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे छोट्या लॉजवर हा विषय काढणारा सायकलवाला पुन्हा एकदा सरकारी माणूस ठरतो, आणि यावेळी त्याला गरम पाण्याची बादली मागावी लागत नाही.

झोपेचा प्रश्न झोपच वगळून सोडवणारी एक जमात आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांत सहाशे किलोमीटरला चाळीस तासांची मुदत असते. ही मंडळी एसटीच्या थांब्यावर, पेट्रोल पंपावर, एटीएमच्या गारव्यात वीस मिनिटे पडतात आणि उठतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली. जवळपास पाच हजार किलोमीटरच्या त्या शर्यतीत झोप तासांत मोजतात आणि तीही कंजुषीने. पण हे रस्त्यावरचे लोक. चिखल्याच्या डोंगरात दिवसभर आदळून आलेल्याचे सांधे एटीएममध्ये बसत नाहीत. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. १९२८ मध्ये आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे फेरी पुरी करून परतले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, चीन. एवढ्या मुलखांतून त्यांना किती दारांत "कोणाकडे आलात?" ऐकावे लागले असेल याचा हिशेब तुमसरच्या लॉजवर पडल्या पडल्या करण्यासारखा आहे.

तरीही चिखल्यात अंधार पडेपर्यंत पानठेल्यावर रेंगाळण्याचे धैर्य ज्याने दाखवले, त्याची सोय होतेच. लॉज नाही, रेस्ट हाउसची परवानगी नाही, शाळेची किल्ली गुरुजींकडे आणि गुरुजी तुमसरले, इतके सिद्ध झाले की कोणीतरी बिडी विझवून म्हणतो, "मंग चला ना जी घरी. रात्रभराची गोष्ट."

इथून नियम पुरा लागू होतो. भाडे शून्य. अंगणात खाट पडते, सायकल न सांगता माजघरात जाते, आणि मुलाखत सुरू होते. गाव कोणते, त्या गावात अमके आडनावाचे राहतात ते ओळखता का, सायकल केवढ्याची (इथे अर्धीच्या निम्मी किंमत सांगावी, तरीही घरमालकीण पदर तोंडाशी नेते), एवढ्यात तर जुनी मोटारसायकल आली असती, मग पायाने का हाकता? ताटात नव्या तांदळाचा भात, लाखोरीचे वरण आणि आणखी वाढण्याच्या तयारीत उभी असलेली माय. नको म्हणणाऱ्याला ती पुन्हा वाढते, हो म्हणणाऱ्यालाही. दहाच्या सुमारास शेजारचा जाणकार येऊन सायकलीचे मागचे चाक उचलून पाहतो. तो खाणीत उतरणारा असला तर साखळीचा आवाज ऐकूनच काय बिघडले आहे ते सांगतो.

सकाळी पैसे पुढे केले की घरात क्षणभर वातावरण बिघडते. पैसे परत खिशात जातात, त्यांच्या जागी एक फोन नंबर येतो. "नाकाडोंगरीले आमचा साळा रायते. मी फोन करून ठेवतो." साळ्याची बहीण कटंगीला दिलेली असते. तिच्या दिराचे घर तिरोडीत. जीपीएसवर महिनाभर खपून आखलेला मार्ग नाश्ता संपेस्तोवर रद्द झालेला असतो आणि पुढचे मुक्काम सोयरिकीच्या ओळीने लागतात. त्या ओळीत चढ किती, उतार किती, हे कोणी पाहत नाही. प्रत्येक दारात आता प्रश्न कमी होत जातात, कारण पहिल्या घरची सगळी उत्तरे फोनवरून पुढे पोचलेली असतात. तिसऱ्या गावात लहान मूल दारातूनच ओरडते, "माय, तो लग्न न झालेला आला वो!"

बिल येते ते नंतर, एप्रिलच्या शेवटी, व्हॉट्सॲपवर. यजमानाच्या धाकट्या मुलीचे लग्न. तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली, मुहूर्त दुपारचा, भंडारा जिल्ह्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला. खाली हाताने लिहिले आहे, नक्की यायचे. सायकलवर जाण्याचा प्रश्नच नाही. गाडीचे पेट्रोल, आहेराचे पाकीट, नवरीसाठी साडी आणि परतीच्या वाटेवर उन्हाने बेजार होऊन नागपूरच्या एसी हॉटेलात घ्यावी लागणारी खोली, हा सगळा हिशेब पुण्यातल्या कट्ट्यावर मांडला जातो. पण जावे लागतेच. मांडवाच्या दाराशी नवरदेवाकडचे कोणी पाण्याचा ग्लास पुढे करत विचारते, "तुमी कोनाकडचे जी?" आणि सायकलवाला, या खेपेला, न अडखळता सांगतो, "मुलीकडचा."